पिंपांच्या कारखान्यातली गल्ली: साओ पाउलोच्या सेस्क पोम्पेया केंद्राचा प्रकरण अभ्यास

दाट वस्तीत लोकांनी एकत्र यावे म्हणून काही बांधायचे ठरले, की चर्चा बहुधा सभागृहाच्या आसनसंख्येपासून सुरू होते. किती माणसे बसतील, गाड्या कुठे लागतील, भाडे किती येईल, हे प्रश्न आधी सुटतात आणि लोक तिथे मुळात कशासाठी येतील हा प्रश्न उद्घाटनानंतर शिल्लक राहतो. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या पोम्पेया भागात उभे असलेले सेस्क पोम्पेया हे फुरसतीचे, कलेचे आणि खेळाचे केंद्र अभ्यासण्याजोगे आहे, कारण तिथे हा क्रम उलटा घडला. लोक आधी जमत होते, त्यांचे जमणे लीना बो बार्डी या वास्तुरचनाकर्तीने लक्ष देऊन पाहिले आणि त्यानंतर आराखडा तयार झाला. या केंद्राबद्दल बोलताना त्याच्या काँक्रीटच्या मनोऱ्यांची आणि लाल जाळ्यांची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. पण माझ्या मते या वास्तूचे खरे कर्तृत्व वेगळे आहे. काहीही काम नसताना, काहीही विकत न घेता आणि कोणाच्या डोळ्यांत न खुपता तिथे थांबण्याची मुभा माणसाला मिळते, आणि ही मुभा कुठल्या पाटीवर लिहिलेली नसून बांधकामाच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयात मुरलेली आहे. ती कशी मुरली, हे या लेखात पाहायचे आहे.

जागा आणि मालक

साओ पाउलोच्या पश्चिमेकडचा पोम्पेया हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यांचा आणि कामगारांच्या घरांचा भाग होता. तिथल्या क्लेलिया रस्त्याला लागून १९३८ मध्ये पोलादी पिंपे बनवणारा कारखाना उभा राहिला. पुढे तो दुसऱ्या उद्योगाकडे गेला आणि तिथे रॉकेलवर चालणारे फ्रिजही तयार होऊ लागले. विटांच्या शेडची रांग, त्यांच्या मधून जाणारा सरळ रस्ता आणि वर उतरती छपरे अशी ती अगदी साधी रचना होती. उत्पादन थांबले तेव्हा शहर झपाट्याने फुगत होते. १९७० मध्ये साओ पाउलोची लोकसंख्या सुमारे ५९ लाख होती, ती १९८० पर्यंत सुमारे ८५ लाखांवर गेली. अशा शहरात साडेसोळा हजार चौरस मीटरच्या आसपासचा मोकळा झालेला भूखंड म्हणजे बांधकाम व्यावसायिकाला मिळालेली पर्वणीच.

हा भूखंड १९७१ मध्ये सेस्क या संस्थेकडे आला. संस्थेचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचे प्रकरण नीट उलगडत नाही. व्यापार आणि सेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खासगी असली तरी तिचे काम सार्वजनिक स्वरूपाचे आहे. तिचा खर्च या क्षेत्रातील मालकांच्या वेतनखर्चावर बसवलेल्या सक्तीच्या वर्गणीतून चालतो; हा दर सध्या दीड टक्का आहे. ही वर्गणी नियमित येत राहते. त्यामुळे इमारतीने स्वतःचे भाडे स्वतः कमवावे अशी सक्ती सेस्कवर नव्हती, आणि काहीही विकत न घेणाऱ्या माणसाला बसू देणे तिला परवडणारे होते. लोक एकत्र यावेत अशी इच्छा पुष्कळ संस्थांची असते, पण ते एकत्र येणे दर महिन्याला जमाखर्चात दिसले पाहिजे अशी अट बहुतेकींना असते. या प्रकरणात ती अट नव्हती, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेले बरे.

संस्थेचा मूळ विचार जुन्या शेड पाडून नवे केंद्र बांधण्याचा होता. दरम्यानच्या काळात, काही वर्षे, त्या शेड तात्पुरत्या स्वरूपात लोकांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या. या तात्पुरत्या वापरानेच सारे चित्र बदलले.

दोन भेटी

लीना बो बार्डी यांचा जन्म १९१४ मध्ये रोममध्ये झाला. वास्तुकलेचे शिक्षण तिथेच पूर्ण करून त्या १९४६ मध्ये ब्राझीलमध्ये आल्या आणि तिथल्याच झाल्या. साओ पाउलोच्या कलासंग्रहालयाची त्यांनी रचलेली इमारत १९६८ मध्ये खुली झाली. ती मध्ये एकही खांब नसलेल्या सत्तरहून अधिक मीटर लांबीच्या अंतरावर अधांतरी उचललेली आहे आणि तिच्या खालचा सगळा चौक शहरासाठी मोकळा सोडलेला आहे. त्याआधी साल्वादोर शहरात समुद्रकाठच्या जुन्या वाड्यांच्या एका समूहाचे रूपांतर करून त्यांनी तिथे लोककलेचे संग्रहालय उभे केले होते. १९६४ च्या लष्करी उठावानंतर ते काम त्यांच्या हातून गेले. जुन्या वास्तूत नवा जीव कसा घालायचा, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि सत्तेला लोकांचे एकत्र येणे किती खुपू शकते, याचाही.

सेस्कने १९७६ च्या सुमारास त्यांना पाचारण केले. पहिल्या भेटीत त्यांचे लक्ष वेधले ते इमारतीने. शेडचा काँक्रीटचा सांगाडा फ्रान्सच्या फ्रांस्वा एनबिक यांच्या पद्धतीचा असल्याचे त्यांनी ओळखले. एनबिक हे काँक्रीटच्या बांधकामाचे आद्य प्रवर्तक. त्यांच्या पद्धतीचा ब्राझीलमधील इतका जुना नमुना पाडून टाकणे बो बार्डी यांना पटले नाही. इथवरचा विचार वारसा-संवर्धन करणाऱ्या कोणत्याही चांगल्या वास्तुरचनाकाराने केला असता.

दुसऱ्यांदा त्या गेल्या तो शनिवार होता. मुले एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये धावत होती. तडे गेलेल्या छपरातून पाऊस गळत होता आणि त्या गळतीखालीच तरुण फुटबॉल खेळत होते. पाण्यात लाथाडलेला चेंडू उडाला की हशा पिकत होता. क्लेलिया रस्त्याकडच्या दाराशी आया खाद्यपदार्थ तयार करत होत्या, आणि जवळच बाहुल्यांचा खेळ रंगला होता. हे सगळे असेच, याच आनंदात चालू राहिले पाहिजे, असे आपल्याला तेव्हा वाटले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. पहिल्या भेटीने इमारत वाचवण्याचे कारण दिले आणि दुसरीने ती कशासाठी वाचवायची ते सांगितले. एरवी आराखड्यापूर्वी सर्वेक्षण होते ते जमिनीचे, मातीचे, आसपासच्या रस्त्यांचे. त्या जागेत माणसे आत्ता काय करत आहेत, कोणत्या कोपऱ्यात करत आहेत आणि कुठे थांबत आहेत, याचे सर्वेक्षण क्वचितच होते; मोकळ्या भूखंडावर तर ते शक्यही नसते. म्हणूनच अंतिम निर्णयापूर्वी जागा काही वर्षे तात्पुरती खुली ठेवणे हा सेस्कचा निर्णय, हेतू काहीही असो, या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा ठरला असे मला वाटते.

गल्ली, पाणी आणि विस्तव

शेडच्या मधला रस्ता आहे तसा ठेवण्यात आला. त्यावर दगडी फरसबंदी आहे, कडेने गोट्यांनी भरलेली पन्हळ जाते आणि दोन्ही बाजूंना भिंती आहेत. या भिंतींवरचा गिलावा वाळूचा मारा करून काढून टाकल्याने आतल्या विटा उघड्या पडल्या आहेत. शहरातील रस्ता फाटकातून तसाच पुढे आत आला आहे, असे वाटावे इतकी ही गल्ली साधी आहे. भव्य प्रवेशकक्ष नाही, पायऱ्या नाहीत, आत शिरल्यावर 'आपल्याला कुठे जायचे आहे' असे विचारणारा टेबलामागचा माणूस समोर येत नाही. सार्वजनिक इमारतीत पाऊल टाकताना सामान्य माणसाच्या मनात जो संकोच असतो, तो बहुतांशी या पहिल्या वीस पावलांत निर्माण होतो. इथे ती वीस पावले रस्त्यावरचीच आहेत. आपण आत आलो आहोत हे लक्षात येईपर्यंत माणूस आत आलेला असतो.

गल्लीच्या एका बाजूच्या मोठ्या शेडमध्ये जे केले आहे त्यावर थोडे थांबायला हवे, कारण या वास्तूचा गाभा तिथे आहे. एवढ्या मोठ्या छपराखाली ग्रंथालय, वाचनकक्ष, प्रदर्शनाची जागा, खेळायची जागा असे कप्पे पाडता आले असते. बो बार्डी यांनी भिंती काढल्या आणि शेड एकसंध ठेवली. मग तिच्या जमिनीत एक उथळ, वळणे घेत जाणारा पाण्याचा प्रवाह कोरला, त्यात गोटे टाकले आणि त्याला ब्राझीलच्या साओ फ्रांसिस्को नदीचे नाव दिले. त्याच शेडमध्ये एक मोठी शेकोटीची जागा बांधली; थंडीच्या दिवसांत तिथे लाकडे पेटतात आणि भोवती माणसे बसतात. मध्ये काही ठिकाणी काँक्रीटचे उंचावलेले मजले उभे केले आहेत. त्यांवर वाचत बसता येते आणि पुस्तकातून मान वर केली की खालचा सगळा वावर दिसतो. कौलांच्या जागी काही ठिकाणी काचा बसवल्याने उजेड वरून येतो आणि दिवसभर सरकत राहतो.

पाणी आणि विस्तव यांचा इथे वापर सजावटीसाठी नाही. माणूस अनोळखी लोकांच्यात शांतपणे बसायला अवघडतो, कारण नजर कुठे ठेवावी हे त्याला कळत नाही. वाहते पाणी आणि जळते लाकूड त्या नजरेला काम देतात. पाण्याकडे पाहत बसलेल्या माणसाला 'तू इथे काय करतोस' असे कोणी विचारत नाही. कोणी विचारेल असे त्यालाही वाटत नाही. शेजारी दुसरा कोणी येऊन तेच करू लागला तर दोघे एकत्र बसलेले असतात, मात्र बोलण्याची सक्ती कोणावरच नसते. लहान मुले पाण्याच्या काठाशी हमखास येतात, त्यांच्या मागे मोठी माणसे येतात, आणि मुलांवर लक्ष ठेवता ठेवता एकमेकांशी बोलू लागतात. समाजमंदिर म्हणून बांधलेल्या बऱ्याच वास्तूंत खुर्च्यांच्या रांगा एका दिशेला तोंड करून असतात आणि कार्यक्रम संपला की सभागृहाला कुलूप लागते. तिथे जमाव येतो, पण सवय लागत नाही. सवय लागण्यासाठी कार्यक्रम नसतानाही येण्याचे निमित्त हवे असते, आणि हे निमित्त जितके किरकोळ, तितके ते रोज पुरते.

या एकसंध शेडची किंमतही आहे. एकाच छपराखाली मुले धावतात, कोणी बुद्धिबळ खेळतो, कोणी अभ्यास करतो, तेव्हा आवाज आवाजात मिसळतो. ज्याला पूर्ण शांतता हवी त्याला ही जागा नाही. बो बार्डी यांनी हा तोटा जाणून पत्करला असावा, असे आराखडा पाहता वाटते. वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी एकमेकांना पाहावे, हे त्यांना शांततेपेक्षा महत्त्वाचे वाटले.

गल्लीच्या पुढच्या भागात उपाहारगृह आहे. तिथे स्वतंत्र छोट्या टेबलांऐवजी सामाईक टेबले ठेवण्यात आली, म्हणजे जेवायला बसताना अनोळखी माणसाच्या शेजारी जागा घ्यावी लागते. त्यापलीकडे कार्यशाळा आहेत: मातीकाम, चित्रकला, सुतारकाम, विणकाम, छपाई. त्यांच्यामधल्या भिंती काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आणि छपराला न भिडणाऱ्या आहेत. ठोकळ्यांच्या सांध्यांतून बाहेर आलेला चुन्या-सिमेंटचा माल पुसून न काढता तसाच राहू दिला आहे. या शेडमध्ये हाताने काम करणाऱ्यांच्या पिढ्या वावरल्या. पुढे तिथे लोक हौसेने मातीचा गोळा चाकावर ठेवू लागले, तेव्हा हाताच्या खुणा लपवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

नाट्यगृहाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रंगमंच मध्ये आहे आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंना समोरासमोर बसतात. म्हणजे नाटक पाहताना पलीकडचे प्रेक्षकही दिसत राहतात. आसने लाकडी आहेत, त्यांना गादी नाही. याबद्दल तक्रारी झाल्या, आणि प्राचीन काळी प्रेक्षक दगडी पायऱ्यांवर, उघड्यावर बसूनच नाटक पाहत होते, असे बो बार्डी यांनी उत्तर दिले. मऊ खुर्चीत अंग टाकून प्रेक्षकाने स्वतःपुरते होऊन जावे, हे त्यांना नको होते. या मुद्द्यावर माझे मत पूर्णपणे त्यांच्या बाजूने नाही. तासा-दीड तासाच्या खेळाला कठीण आसन चालते, पण वयस्क प्रेक्षकाला ते दूर ठेवू शकते, आणि सर्वांसाठी म्हणून उभारलेल्या जागेत ही बाब क्षुल्लक मानता येत नाही.

नाल्यामुळे झालेले मनोरे

जुन्या शेडमध्ये क्रीडाविभाग मावणे शक्य नव्हते. उरलेल्या जमिनीवर नवे बांधकाम करायचे, तर तिच्या पोटातून आग्वास प्रेतास नावाचा झाकलेला नाला गेलेला, आणि त्याच्या वर बांधकामास मनाई. राहिले ते नाल्याच्या दोन अंगांचे दोन तुकडे. अशा वेळी सुचणारा सोपा मार्ग म्हणजे क्रीडाविभाग लहान करणे किंवा शेड पाडून जागा काढणे. बो बार्डी यांनी दोन्ही तुकड्यांवर उंच ठोकळे उभे केले. मोठ्या ठोकळ्यात तळाशी पोहण्याचा तलाव आणि वर एकावर एक मैदाने. लहान ठोकळ्यात कपडे बदलण्याच्या खोल्या, व्यायामाच्या आणि नृत्याच्या खोल्या, जिने आणि लिफ्ट. दोन्हींना जोडणारे प्रीस्ट्रेस्ड (म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून मजबूत केलेल्या) काँक्रीटचे आठ पूल नाल्याच्या वरून हवेतून गेले आहेत आणि त्यांतले काही मध्येच फाटे फुटून दोन दिशांना जातात. शेजारी सुमारे सत्तर मीटर उंचीचा गोल जलकुंभ आहे, कारखान्याच्या धुराड्याची आठवण देणारा. त्याचे काँक्रीट थरावर थर ओतताना सांध्यांतून बाहेर आलेला माल तसाच राखल्याने अंगावर झालरीसारखे कडे दिसतात.

पूल हे केवळ जोडणीचे साधन असते तर ते बंदिस्त केले असते. इथे ते उघडे आहेत. कपडे बदलून मैदानावर जाणारा प्रत्येकजण काही क्षण शहराच्या वर, वाऱ्यात आणि प्रसंगी पावसात असतो, आणि त्याच वेळी समोरच्या पुलावरून कोणीतरी परतत असतो. एरवी इमारतीतील मार्गिका म्हणजे लवकर ओलांडून टाकायची जागा; इथे ती थांबून खाली पाहण्याची जागा झाली आहे. पावसाच्या दिवशी ही सोय गैरसोय होते, हेही खरे.

ज्या जमिनीवर बांधता येत नव्हते, तिथे नाल्यावरून लाकडी फळ्यांचा लांबलचक ओटा करण्यात आला. साओ पाउलो समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले आहे. उन्हाच्या दिवशी लोक या ओट्यावर टॉवेल पसरून अंग शेकत पडतात आणि शहराच्या या भागाला स्वतःची चौपाटी मिळते. बांधकामबंदी हा आराखड्यातील तोटा समजला जातो. इथे बंदी घातलेली पट्टी हीच केंद्रातील सर्वांत मोकळी आणि सर्वांत स्वस्त सामाईक जागा ठरली.

मैदानांच्या भिंतींना खिडक्या नाहीत, भोके आहेत. वेड्यावाकड्या आकाराची, गुहेच्या तोंडासारखी, बिनकाचेची. त्यांना आतून सरकणाऱ्या लाल लाकडी जाळ्या आहेत. बो बार्डी यांना वातानुकूलन नको होते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींत ही भोके ठेवून वारा आरपार जाईल अशी व्यवस्था केली. आत खेळणाऱ्याला शहराचा एक तुकडा दिसतो, तो चौकटीत बसवल्यासारखा नाही, तर फटीतून डोकावल्यासारखा. बंद काचेच्या व्यायामशाळेपेक्षा हा अनुभव फार वेगळा आहे, कारण शहराचा आवाज, उष्मा आणि वारा या खेळात भाग घेतात.

खेळ, पण स्पर्धा नाही

या प्रकरणातील मला सर्वांत धाडसी वाटणारा निर्णय फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मैदानांची उंची क्रीडा संघटनांच्या अधिकृत मापांपेक्षा कमी ठेवण्यात आली, म्हणजे तिथे अधिकृत सामने भरवताच येत नाहीत. पोहण्याच्या तलावाची एक बाजू चौपाटीसारखी उतरत जाते, जेणेकरून लहान मुले आणि पोहता न येणारी माणसेही पाण्यात उतरू शकतील. एखाद्या संस्थेकडे एवढे पैसे आणि एवढी जागा असताना स्पर्धेच्या दर्जाचे मैदान न बांधणे हा व्यवस्थापनाला सहज पटणारा निर्णय नव्हे. पण अधिकृत मापाचे मैदान झाले की त्यावर संघांचा, सरावाच्या वेळापत्रकाचा आणि प्रशिक्षकांचा ताबा सुरू होतो, आणि आठवड्यातून एकदा हसत-खिदळत चेंडू उडवायला येणारा पन्नाशीचा माणूस हळूहळू बाहेर पडतो. माप कमी ठेवून बो बार्डी यांनी ती शक्यताच मुळापासून काढून टाकली. नियमावलीत 'हौशी खेळाडूंना प्राधान्य' असे लिहिता आले असते. पण पुढच्या व्यवस्थापकाला नियम बदलता येतो, छताची उंची बदलता येत नाही.

'संस्कृती' या शब्दाबद्दलही त्यांचा असाच सावधपणा होता. सांस्कृतिक केंद्र म्हटले की लोकांना तिथे काही उच्च आणि अवघड करावे लागेल असे वाटते आणि ते बुजतात, अशी त्यांची धारणा होती. म्हणून केंद्राच्या नावात फुरसत आणि सहवास यांना स्थान मिळावे, असा त्यांचा आग्रह राहिला. हा आग्रह ज्या काळात धरला जात होता, तो विसरता येत नाही. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती आणि १९६८ च्या कुप्रसिद्ध पाचव्या संस्थात्मक अधिनियमाने परवानगीशिवाय राजकीय सभा घेणे बेकायदा ठरवले होते. त्या वातावरणात लोकांना नुसते एकत्र बसण्यासाठी छप्पर मिळणे याला जे मोल होते, ते आराखड्यावरून कळत नाही. या जागेला बो बार्डी यांनी स्वातंत्र्याचा किल्ला म्हटले, ते याच काळात.

साइटवरची नऊ वर्षे

आंद्रे वाइनर आणि मार्सेलो फेराझ हे दोन तरुण वास्तुरचनाकार बो बार्डी यांच्याबरोबर होते. या तिघांनी आपले कार्यालय बांधकामाच्या जागीच थाटले आणि सुमारे नऊ वर्षे तिथून काम केले. शेडचा भाग १९८२ मध्ये खुला झाला आणि क्रीडामनोरे १९८६ मध्ये. या पद्धतीचा परिणाम तपशिलांत दिसतो. काँक्रीट ओतण्यासाठी लावलेल्या शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा ठेवायच्या की घासायच्या, गोट्यांची पन्हळ कुठे वळवायची, जाळीचे लाकूड कसे सरकवायचे, हे निर्णय नकाशावर नव्हे तर गवंड्याशी आणि सुताराशी बोलून, करून पाहून झाले. शेडचा भाग आधी सुरू झाल्यामुळे लोक तो कसा वापरतात हे पाहत पाहतच मनोऱ्यांचे काम पुढे गेले.

फेराझ यांनी पुढे या प्रकल्पाचे वर्णन करताना आराखडा आणि कार्यक्रम यांची येथे वेगळी करता न येणारी सरमिसळ झाली होती, असे म्हटले आहे. बो बार्डी यांनी इमारत रचली, टेबले-खुर्च्या रचल्या, पाट्या रचल्या, सुरुवातीची प्रदर्शनेही मांडली. जाड पाइन लाकडाचे ते बाकडे-टेबल आजही तिथे ओळखीचे आहेत. वास्तुरचनाकाराने किल्ल्या सुपूर्द करून निघून जायचे आणि मग व्यवस्थापकाने रिकाम्या खोल्यांना उपयोग शोधायचा, अशी नेहमीची वाटणी इथे झाली नाही. सामुदायिक वास्तूंच्या बाबतीत ही वाटणी फार महागात पडते. चांगल्या हेतूने रचलेला कट्टा 'येथे बसू नये' अशा एका पाटीने निकामी होतो, आणि ती पाटी लावणाऱ्याला कट्टा कशासाठी होता हे कोणी सांगितलेले नसते.

मर्यादा

या केंद्राकडे केवळ कौतुकाने पाहणे अभ्यासाच्या दृष्टीने पुरेसे नाही. गल्ली, मोठी शेड आणि प्रदर्शने सर्वांसाठी खुली असली तरी तलाव आणि काही सुविधा सेस्कच्या ओळखपत्रधारकांसाठी राखीव असतात, आणि ओळखपत्राचा पहिला हक्क व्यापार-सेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा असतो. त्यामुळे गल्लीत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकच पाण्यात उतरू शकतो, असे घडते. संस्थेच्या निधीचे स्वरूप पाहता हे समजण्यासारखे आहे. तरीही सर्वसमावेशकतेची रेषा नेमकी कुठे आहे, हे स्पष्ट दिसले पाहिजे.

भोवतालचा पोम्पेयाही तोच राहिलेला नाही. कामगारांची बैठी घरे जाऊन तिथे निवासी मनोरे आले, आणि केंद्र ज्या शेजाऱ्यांसाठी कल्पिले गेले त्यांच्यापैकी बरेच आता तिथे राहत नाहीत. एखाद्या इमारतीने हा बदल रोखावा अशी अपेक्षा अवाजवी ठरेल. जमिनीच्या भावावर वास्तुरचनाकाराचा ताबा नसतो. पण ज्यांना अशी केंद्रे उभारायची आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे की चांगली सामाईक जागा भोवतालच्या घरांचे आकर्षण वाढवते, आणि त्याचा भार भाडेकरूंवर पडू शकतो. भाड्याच्या घरांबद्दलचे धोरण त्याच वेळी ठरले नाही तर नंतर फार उशीर होतो.

नक्कल करणाऱ्यांनी या केंद्राचे बहुधा तेवढेच उचलले जे छायाचित्रात दिसते. उघडे काँक्रीट, लाल रंग, वेडीवाकडी भोके आणि जमिनीतली पाण्याची रेघ यांचे अनुकरण करणे सोपे आहे. कमी उंचीचे मैदान, सामाईक टेबल, पहारेकऱ्याशिवायचे फाटक आणि साइटवर घालवलेली वर्षे छायाचित्रात येत नाहीत, आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात त्यांना स्वतंत्र रकाना नसतो.

ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने २०१५ मध्ये सेस्क पोम्पेयाला संरक्षण दिले. बो बार्डी १९९२ मध्ये निवर्तल्या होत्या. २०२१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात त्यांना मरणोत्तर विशेष सुवर्णसिंह पुरस्कार देण्यात आला. वारसा म्हणून संरक्षण मिळाल्यावर भिंती, पूल आणि जाळ्या मनमानी बदलांपासून सुरक्षित झाल्या. मात्र फाटक दिवसभर उघडे ठेवावे, सामाईक टेबले काढू नयेत, शेकोटीजवळ विनाकारण बसलेल्या माणसाला उठवू नये, अशा गोष्टी वारशाच्या नोंदीत बसवता येत नाहीत. त्या प्रत्येक वर्षीच्या कार्यक्रमात आणि वर्गणीतून येणाऱ्या निधीच्या वाटपात ठरतात. म्हणून या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने नकाशांच्या संचाबरोबर सेस्कची नियमावली आणि कार्यक्रमपत्रिकाही समोर ठेवावी, कारण गल्लीत कोण, किती वेळ आणि कशासाठी थांबू शकतो, हे तिथेही लिहिलेले असते.